न्याहारीच्या टेबलावरची सही

मला एक खोड आहे. जुन्या इंग्रजी कादंबऱ्या उचलून आजच्या दिल्ली-मुंबईतल्या गर्भश्रीमंत घरांत नेऊन बसवलेली पुस्तकं हल्ली निघतात ना, ती मी शोधून शोधून वाचते. गोष्टीसाठी नाही. गोष्ट मला आधीच पाठ असते. जळगावच्या कॉलेजात पोरांना इंग्रजी शिकवण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं आहे. मला बघायचं असतं ते एवढंच, की नव्या लेखकाने जुनं सामान कुठे कुठे लावलं. घोडागाडीच्या जागी ड्रायव्हरसकट काळी गाडी येते, हे कुणालाही सुचेल. नाचाच्या समारंभाचं उदयपूरच्या हॉटेलातलं लग्नाचं 'संगीत' होतं, तेही ठीक. पण पावसात भिजून तापाने फणफणलेली नायिका दिल्लीत डेंग्यूने आजारी पडते तेव्हा मी खूश होऊन वहीत टिपून ठेवते. एकाने तर गावच्या पाद्र्याचा चक्क श्रीमंतांनी पैसे कुठे गुंतवावेत ते सांगणारा सल्लागार करून टाकला होता. उपदेशाची सवय मात्र तशीच ठेवली होती. मी एकटीच किती तरी वेळ हसत बसले.

घोडं अडतं ते एकाच ठिकाणी. त्या जुन्या गोष्टींत बाप मेला की घर कायद्यानेच एखाद्या पुरुषाकडे जातं आणि मुली उघड्यावर पडतात. आपल्याकडे तर मुलीला मुलाइतकाच हक्क. मग दिल्लीची, परदेशात शिकून आलेली मुलगी बापाचा बंगला सोडून जाते कशी? कुणी मधेच मृत्युपत्र घुसडतं, कुणी कंपनी बुडवतं. मला त्यातलं काही पटायचं नाही आणि मी तसं चारचौघांत बोलूनही दाखवायची.

गेल्या हिवाळ्यात हाती आलेल्या पुस्तकात लेखिकेने भलतंच केलं होतं. वडील जाऊन वर्ष झालेलं. न्याहारीचं टेबल, कापलेली पपई, कॉफी. मोठी बहीण एक कागद पुढे सरकवते. धाकटी तो वाचल्यासारखं करते, सही करते आणि पपईची फोड उचलते. दीड पानात बंगला भावाचा झाला. मी पुस्तक मिटून ठेवलं. इतक्या पैसेवाल्या घरातली मुलगी अशी सही करते हे मला साफ खोटं वाटलं.

या पुस्तकांची माझी खरी श्रोती धुळ्याला राहते. माझी धाकटी बहीण. मेहुणे जाऊन सहा वर्षं झाली. ती एका खाजगी शाळेच्या ऑफिसात कारकून आहे आणि तिथल्याच देवपुरात दोन खोल्यांत भाड्याने राहते. दर रविवारी मी फोनवर तिला चालू पुस्तकाची गोष्ट सांगते आणि ती मधे मधे शंका काढते. माझ्या एकाही विद्यार्थ्याने इतके नेमके प्रश्न विचारलेले नाहीत. एवढ्या मोठ्या घरात एकमेकांना जेवायला हाक कशी मारतात? रुसून खोलीत बसली तर तिला ताट कोण नेऊन देतं? पपईचा प्रसंग सांगितला तेव्हा मात्र ती काही विचारेना. एवढंच म्हणाली, ते पुस्तकच मला पाठव. इंग्रजी तिला अडखळत वाचता येतं. मला नवल वाटलं, पण दुसऱ्याच दिवशी मी ते एसटीच्या पार्सलने पाठवून दिलं.

त्याच सुमारास आमच्या घरातही एक कागद तयार होत होता. फैजपूरला नानांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, केळीच्या पैशांतून बांधलेलं दुमजली घर आहे आणि मागे मळा. भाऊ तिथे राहतो, शेती तोच बघतो. नाना जाऊन वर्ष होत आलं होतं. आमच्याकडची रीत अशी, की वर्षश्राद्ध उरकलं की बहिणींनी यावलला निबंधकाच्या कचेरीत जाऊन हक्कसोडपत्रावर सही करायची, वडिलांच्या मालमत्तेतला आपला वाटा भावाला राजीखुशीने दिला म्हणून. भाऊ साडी नेसवतो, गोडधोडाचं जेवण घालतो आणि माहेरचं दार उघडं राहतं. माझ्या आत्यांनी सही केली होती. आईने तिच्या माहेरी केली होती.

वर्षश्राद्ध झालं आणि भावाने फोनवर सगळं नीट सांगितलं. सोमवारी दुपारी यावलला यायचं, आधार कार्ड आणि दोन फोटो आणायचे. धाकटीचं तेवढं तू बघ, तुझं ती ऐकते. मी हो म्हणून टाकलं. धाकटीच्या घरमालकाला घर पाडून नवं बांधायचं होतं आणि उन्हाळ्याच्या आत तिने खोल्या सोडायच्या होत्या, हे मला ठाऊक होतं. तिच्या वाट्यातून तिच्या डोक्यावर स्वतःचं छप्पर आलं असतं, एवढा हिशोबही मला कळत होता. तरी हो म्हटलं, कारण नाही म्हणता येतं हे माझ्या मनातच आलं नाही.

आणि त्या दिवसांत मी काय करत होते? तर पपईच्या सहीचा छडा लावत होते. आमचा बायकांचा एक वाचनकट्टा आहे. त्यातली एकजण सोन्याच्या मोठ्या पेढीतली सून. थंडीत तिच्या शेतावर भरिताचा बेत असतो आणि कट्ट्याला आमंत्रण असतं. पलीकडे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजली जात होती, लाकडी बडगीत भरीत कुटल्याचे ठोके ऐकू येत होते, पानात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या पडल्या होत्या. मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले आणि सरळ विचारलं, की तुमच्यासारख्या घरातली मुलगी खरंच अशी सही करील का? तिने पुस्तक वाचलेलं होतं, पण मी विचारतेय काय हेच तिला आधी समजेना.

"यात विचारण्यासारखं काय आहे मॅडम? सगळ्याच करतात. माझ्या तिन्ही नणंदांनी इथे केली, मी माझ्या माहेरी केली," ती म्हणाली.

हे तिने अभिमानाने सांगितलं आणि मला आग्रह करून आणखी भरीत वाढलं. माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. घरी येऊन मी वहीत लिहिलं, की लेखिकेचं बरोबर आहे, चूक माझी होती; या एका जागी जुन्या कायद्याचं काम रीतच करते आणि बंगला जितका मोठा तितकी ती पक्की. आज ते वाचताना मला माझीच शरम वाटते. कोडं सुटल्याच्या खुशीत मी इतकी दंग होते, की माझ्या टेबलावर भावाने पाठवलेल्या मसुद्याची प्रत पडलेली आहे, तिच्याकडे माझं लक्षसुद्धा गेलं नाही.

तीच प्रत पर्समध्ये घालून रविवारी सकाळी मी धुळ्याची बस धरली. रात्री तिच्याकडे राहून सोमवारी सकाळी दोघींनी यावलला निघायचं असं ठरवलं होतं. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, तोवर मी मनात बोलण्याची तयारी करत होते. भाऊ एकटा राबतो. नानांचं आजारपण त्यानेच काढलं. आपल्याला कशाला हवं? हे 'आपल्याला' मी किती सहज म्हणत होते. माझं जळगावात स्वतःचं घर आहे.

तिने शेवभाजी केली होती. जेवणं झाली आणि तिने पुस्तक आणून माझ्या मांडीवर ठेवलं. जवळजवळ प्रत्येक पानावर पेन्सिलीने बारीक अक्षरात शब्दांचे अर्थ लिहिलेले होते. दीड महिना रोज शाळेतून आल्यावर ती ते वाचत होती. मला कौतुक वाटलं आणि सवयीप्रमाणे मी विचारलं, यातलं कोण सगळ्यांत खरं वाटलं? मला वाटलं होतं ती धाकटीचं नाव घेईल.

ती म्हणाली, मोठी बहीण.

मी चकित झाले. फोनवर सांगताना त्या मोठ्या बहिणीला मी एका वाक्यात उरकलं होतं. तिला स्वतःला काही मिळवायचं नाही, मग ती कागद पुढे करतेच कशाला, लेखिकेची ही बाजू कच्ची आहे, असंही वर म्हटलं होतं. माझ्या बहिणीला ती मुळीच कच्ची वाटली नव्हती. तिने मला समजावून सांगितलं, की ती बाई वाईट नाही, लबाडही नाही. सगळे जे करतात तेच ती करते. आणि भावाने दिला असता तर धाकटीने कागद वाचला तरी असता. मोठीने दिला म्हणून वाचला नाही. हे ती इतक्या शांतपणे बोलत होती, की ती पुस्तकाबद्दलच बोलतेय असं मला आणखी थोडा वेळ वाटत राहिलं.

मग तिने विचारलं, "पर्समा कागद शे ना?" धुळ्यात इतकी वर्षं काढून तिच्या बोलण्यात 'आहे'च्या जागी इथला 'शे' मुरला आहे.

मी हो म्हटलं. तिने उठून कपाटातून प्लास्टिकची एक पिशवी काढली. तिच्यात आधार कार्ड होतं आणि नुकतेच काढलेले दोन फोटो. भावाचा फोन तिलाही येऊन गेला होता.

"तू म्हणशीन तं मी येईन," ती म्हणाली. "पन मले येक सांग अक्का. तू सही काहून करू राहिली?"

मी तोंड उघडलं. भाऊ एकटा राबतो, असं म्हणाले. तिने मान हलवली, तेही खरं होतं. मग मी म्हणाले, सगळ्याच करतात. आणि माझंच वाक्य माझ्या कानावर आलं. सगळ्या दिल्लीकर नायिकांना मी हा प्रश्न विचारत होते. स्वतःला कधी विचारला नव्हता. मला रडू आलं, रागही आला, आणि तो राग दुसऱ्या कुणावर काढता येण्यासारखा नव्हता. त्या फोटोंत तिने नाना होते तेव्हाची निळी साडी नेसली होती, केस चापून बसवले होते, परीक्षेला निघालेल्या मुलीसारखी दिसत होती.

भावाला मी तिथूनच फोन लावला. उद्या आम्ही येत नाही म्हणाले. तिचा वाटा तिला दे, घर घेण्यापुरता तरी दे. ते झालं की माझा मी तुला आनंदाने सोडीन, पण तोवर माझीही सही नाही. तो भांडला असता तर मला सोपं गेलं असतं. तो भांडला नाही.

"साड्या आणून ठेवल्या व्हत्या," तो म्हणाला, आणि फोन बंद झाला.

बहिणीला बरं वाटेल, निदान ती सुटकेचा श्वास टाकेल असं मला वाटलं होतं. तिचा चेहरा पडला होता. तिने फोटो पिशवीत ठेवले, पिशवीची गाठ मारली, परत सोडली, परत मारली. सहा वर्षांत तिने माझ्यापुढे डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. ते आता आलं.

"राखीले मी आता कुठी जाऊ?" तिने विचारलं.

"फैजपूरलेच," मी म्हटलं. "दोघी जाऊ. त्यानं दार उघडलं तं आत बसू. नाही उघडलं तं ओट्यावर बसू. ओटाबी आपलाच हाये."