सुरवंटाला खाणारा

ज्या सुरीने ती बोंबलाची डोकी उडवायची, त्याच सुरीच्या टोकावर तिने एकदा सुरवंट उचलून माझ्या नाकापुढे धरला. "भाऊ, याला खातं कोन?"

ही आमची मासळीवाली मावशी. सातपाटीहून यायची आणि सरावलीला आमच्या सोसायटीतल्या बदामाच्या झाडाखाली टोपली मांडायची. कुठलाही जीव दिसला की तिचा हाच प्रश्न. समुद्रात प्रत्येकाला खाणारा कोणीतरी असतोच. मग जमिनीवर सूट कशाला?

सुरवंट मात्र देखणा होता. लाल डोकं, पाठीवर टूथब्रशसारखे पिवळे झुबके. "कोणी खात नसेल," मी म्हणालो. त्याचे केस कसे रुततात ते मला पाठ होतं. दोरीवरचा बनियन न झटकता घातला होता आणि सगळ्या सोसायटीने माझा नाच पाहिला होता. बायकोने खोबरेल लावता लावता हसून घेतलं, ते वेगळंच.

"नाय कसं? शिंगाला मासलीचा काटा लागला तर हात सुजतो. तरी आमी खातो ना?"

"मग एवढा नटलाय कशाला?"

"लांबून वळकू येवं म्हनून. 'मी हाय, हात लावून बगा'!"

त्या वर्षी सुरवंट इतके झाले की सेक्रेटरींनी झाडच तोडायचं ठरवलं. मावशीचा चेहरा उतरला. दुसरीकडे कुठे सावली नव्हती, आणि उन्हात मासळी टिकत नाही. "सायेब, थोडं थांबा. खानारा येल."

"आमंत्रण दिलंय का मावशी?" सेक्रेटरी हसले.

मग ती गिऱ्हाईक सोडून वर बघत बसायची. गिऱ्हाइकंही बघायला लागली. कावळ्याने एक उचलला, टाकला आणि कितीतरी वेळ फांदीला चोच पुसत बसला. साळुंकी लांबूनच परतली.

रविवारी करवतवाला आला, आणि त्याच्या पाठोपाठ एक पावशा. त्याने सुरवंट धरला, फांदीवर आपटला, घासघासून केस काढले आणि गिळला. मग दुसरा. सेक्रेटरींसकट आम्ही सगळे माना वर करून उभे.

"बगा, साफ करून खातो!" मावशीने टाळी वाजवली. तेवढ्यात मांजराने खालचं पापलेट पळवलं. "नेऊ दे मेल्याला. आज सगल्यांचं जेवन हाय."

करवतवाला चहा पिऊन गेला. एका पाखराने झाड काय साफ होणार? पण उरलेले सुरवंट पुढे आपसूक कोषात गेले आणि झाड राहिलं.

गुडघ्यांमुळे मावशीचं येणं बंद झालं, त्यालाही आता बरेच दिवस झाले. परवा बदामाखाली कोणीतरी मोटारसायकल लावली होती. सेक्रेटरींनी ती स्वतः ढकलत उन्हात नेली.

"मासळीची जागा आहे ती," एवढंच म्हणाले.