धोंडीरामची डावी बाजू

धोंडीराम जगतापला सगळ्यात जास्त भीती कुणाची वाटायची? तर एका माशाची. हसू नका! चोवीस वर्षं फौजेच्या गाड्या लडाखच्या घाटांतून हाकलेला हा साताऱ्याकडचा गडी. पण सत्त्याण्णव साली गुडगावच्या नव्या वसाहतीत, राजीवसाहेबांच्या हॉलमधल्या काचेच्या टाकीसमोर उभं राहायची वेळ आली, की तो दोन पावलं मागे सरायचा.

साहेब पाच वर्षांपूर्वी पुण्याहून दिल्लीकडे बदली होऊन आलेले. धोंडीराम त्यांचा ड्रायव्हर. लतिकामॅडम प्राणिशास्त्र शिकलेल्या. टाकीत त्यांनी हातभर लांबीची मरळ पाळली होती, अगदी पक्की शिकारी. छोटे मासे सोडायचे आणि ती कुठल्या बाजूनं झडप घालते ते वहीत टिपायचं, हा त्यांचा नाद.

"काका, गंमत बघा," एकदा त्या म्हणाल्या, "हिचा उजवा डोळा लाडका आहे. मासा डाव्या बाजूला सोडला ना, तर ही अख्खी वळते, त्याला उजव्या डोळ्यासमोर घेते, मगच झडप! माणसांचंही थोडंफार असतं तसं. तुम्हीसुद्धा डावीकडे बघताना पूर्ण मान फिरवता."

झालं! धोंडीरामने फडकं उचललं आणि गाडी पुसायला सटकला. त्याच्या डाव्या डोळ्याची नजर जाऊन वर्ष झालं होतं, आणि हे फक्त त्याच्या बायकोला, द्वारकाला ठाऊक होतं.

"सांगून टाका हो एकदाचं," ती रोज म्हणायची.

"आणि मग काय करू? गेटवर सलाम ठोकत बसू?" तो खेकसायचा. खेकसायचा म्हणजे घाबरायचा. स्टिअरिंग हातात नसलं की आपण कोण, हे त्याला खरंच माहीत नव्हतं. त्या दिवसापासून मॅडम वही उघडून बसल्या की त्याला वाटे, आता माझंच नाव लिहितायत. मग त्याने डावीकडे मान वळवणंच कमी केलं. कसला हा शहाणपणा!

त्यावर त्याने तोड काढली ती साहेबांच्या मुलीची. शिवांजली आठ वर्षांची, तिला शाळेत सोडायचं काम त्याचं. त्याने तिला पुढे, आपल्या डाव्या हाताला बसवलं. "खेळ खेळायचा. गाडीजवळ कुणी आलं की ओरडायचं." पोरगी खूश! रोज सायकली, स्कूटर, गायी सगळं ओरडून सांगायची. धोंडीरामला रात्री झोप लागेना, पण दिवस निभत होते.

एके सकाळी चौकातून गाडी पुढे निघाली आणि पोरगी घाबरून किंचाळली, "काका, दाएँ! दाएँ!"

दिल्लीत वाढलेलं पोर. घाबरलं की तोंडातून हिंदीच यायचं. उजवीकडे, असं सांगत होती ती. पण धोंडीरामच्या फौजी हिंदीत उजवं म्हणजे दाहिने. आणि वर्षभर ज्या बाजूची धास्ती घेतली, तिचंच नाव त्याच्या कानांनी ऐकलं. डावे! डावीकडे कुणी आहे का, हे बघायला डोळा कुठे होता? त्याने स्टिअरिंग गर्रकन उजवीकडे फिरवलं.

तिथे सायकलवर दूधवाला होता.

ब्रेक लागला, पण सायकल आडवी झाली आणि किटल्या रस्ताभर गडगडल्या. दूधवाला गुडघा धरून उठला, शिव्या देऊ लागला. त्या शिव्या ऐकून धोंडीरामला रडूच आलं. जिवंत होता माणूस!

घरी साहेबांनी सगळं ऐकलं आणि मुलीवरच उखडले. "दाएँ काय, दाएँ? मराठीत सांगता येत नाही? एवढी मोठी घोडी झालीस, डावं-उजवं कळत नाही? माणूस मेला असता आज!"

"पण पप्पा, मी बरोबरच बोलले..."

"वर तोंड करून बोलू नकोस. काकांना सॉरी म्हण."

धोंडीराम दाराशी उभा होता. नोकरी वाचली होती. फक्त गप्प राहायचं होतं, एवढंच.

शिवांजली हुंदके देत समोर आली. "सॉरी काका. मी उद्यापासून नीट सांगीन."

उद्यापासून!  घाटात कडे कोसळताना भ्याला नव्हता इतका तो त्या एका शब्दाला भ्याला.

"तुझी चूक नाही, बाळा," तो म्हणाला. "साहेब, पोरगी बरोबर बोलली. मला डाव्या डोळ्यानं दिसत नाही. वर्ष झालं. तिला मी माझा डोळा म्हणून शेजारी बसवत होतो."

मॅडमनी तोंडावर हात धरला.  साहेबांनी झटकन मुलीचा दंड धरला आणि तिला धोंडीरामपासून लांब, आपल्या पाठीमागे ओढून घेतलं.

धोंडीरामने किल्ली टेबलावर ठेवली. मुलगी त्याच्या डाव्या बाजूला गेली होती. ती आपल्याकडे कशी बघतेय, हे मान वळवून बघायची त्याची हिंमत झाली नाही.