ओट्याखालच्या लाह्या

लोणावळ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आम्ही राहायला गेलो, तेव्हा मागच्या अंगणात हातभर उंचीचा, चारी बाजूंनी फळ्यांनी बंद केलेला एक लाकडी ओटा होता. आमच्या आधीच्या गोऱ्या गार्डाने तो आरामखुर्ची टाकून बसायला करून घेतला होता म्हणे. तो गेला, फळ्या शेवाळल्या आणि ओटा फुटक्या बादल्यांच्या कामाला आला.

त्या श्रावणात माझी पाचवी मंगळागौर होती, उद्यापनाची. दोन खोल्यांत फुगड्या घालायच्या कुठे? म्हणून ह्यांनी ओटा दुरुस्त करायला घेतला. शेवाळ खरवडलं, नव्या खिळ्यांनी फळ्या आवळल्या, वर पत्रे घातले. कडेने मी डब्यांत तेरडा लावला. बाहेर सर कोसळत असावी आणि आपण कोरड्यात बसून भाजी निवडावी, अशी छान जागा झाली. पण कडेला राहिलेल्या एका भोकातून ओट्याखालचा केर काढताना सापाची कात निघाली. चांगली दोन हात लांब.

मी मुळातच भित्री, पाल दिसली तरी ताटावरून उठणारी. मी माहेरी जायच्या गोष्टी करू लागले. "तुझ्या आवाजानेच पळाला असेल तो," हे म्हणाले. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. "जागेचा राखणदार आहे. त्याच्या वाटेला जाऊ नका."

नागपंचमीला त्यांनी पाटावर गंधाने नाग काढून पुजला. मग ओट्याच्या कडेच्या भोकातून हात घालून दूध-लाह्यांची वाटी आत सरकवली. थोड्या लाह्या वाटेत सांडल्या. माझी मुलगी तेव्हा रांगत होती, आणि लाह्या म्हणजे तिचा जीव की प्राण.

मी दिंडं उकडायला ठेवून बाहेर आले, तर पोर अंगणात नाही. भोकापाशी सांडलेल्या लाह्या नाहीत. ओट्याखालून तिचं बोबडं बोलणं ऐकू येत होतं.

मी भोकाशी पालथी पडले. भोकातून माझं डोकंसुद्धा जाईना. हाका मारल्या, तर खेळ समजून ती आणखी आत गेली. बोलत होती तोवर ठीक. गप्प झाली की मी फळीला कान लावायची. हे ड्यूटीवर गेलेले. मी पहार उचलली.

वळवणहून दूध घालायला येणारी मावशी दारात होती. ती म्हणाली, "वयनी, आज हत्यार लावू नगा. त्यो खाली असंल आन् दणक्यानं खवळंल, तर पोरीचं काय व्हईल?"

तिचं खरंच होतं. हातात पहार घेऊन मी तशीच उभी राहिले. सासूबाईंनी सकाळपासून घरात विळीसुद्धा उभी करू दिली नव्हती. खरं सांगते, त्या क्षणी मला नागापेक्षा त्यांचाच जास्त राग आला होता.

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या आणि त्यांनी माझ्या हातातून पहार घेतली. "नैवेद्य मी ठेवला," त्या हळूच म्हणाल्या. "पाप लागायचं ते मला लागू दे."

ह्यांनी खिळे इतके इमानाने ठोकले होते की फळी हलेना. मी मागितली, पण सासूबाईंनी पहार मला दिली नाही. शेवटी फळी करकरत उचकटली. खाली लेक बसली होती, तोंड दुधाने पांढरं, हनुवटीला लाह्या चिकटलेल्या. मी तिला वर ओढलं.

नाग दिसला नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली. तो तेव्हा कुठे होता, हे आम्हाला कधीच कळलं नाही.

मंगळागौर त्याच ओट्यावर झाली. बायकांनी जागेचं कौतुक केलं, झिम्म्याने फळ्या दणाणल्या. उचकटलेली फळी पुन्हा ठोकायला सासूबाईंनी ह्यांना मनाई केली होती. ती नुसती टेकवलेली होती. तिच्यावरच त्या बसल्या होत्या, नातीला मांडीत घेऊन, तिच्या झबल्याला आपल्या पदराची गाठ मारून. फुगडीला बोलावलं तरी उठल्या नाहीत. पोर खाली उतरायला रडून रडून लाल झाली, पण त्यांनी गाठ सोडली नाही.