अनोळखी नंबर

सरोवराकाठच्या चितिंबा गावात अनोळखी नंबर उचलणारी बाई एकच, न्याम्हांगो. बाकीच्यांनी हात पोळून घेतले होते. फोनवर गोड बोलून लुबाडणारे चोर काय कमी आहेत? पण हिचे हात उसिपा मासळी वाळत घालताना कितीही बरबटलेले असोत, पहिल्याच घंटीला फोन कानाला.

"एक दिवस लुटतील तुला," शेजारीण न्याचिरवा म्हणायची.

"माझ्याकडं काय आहे लुटायला? मासळीचा वास?"

कारण साऱ्या गावाला ठाऊक होतं. तिचा खुंबो जोहान्सबर्गला मजुरीला गेला आणि शेवटच्या फोनात म्हणाला, "आई, हे सिम बंद होईल. नव्या नंबरावरून करीन. अनोळखी असला तरी घे." त्याला किती पावसाळे लोटले, ते ती मोजत नसे. मोजलं की खरं होतं, अशी तिची समजूत.

अनोळखी नंबरावरून फोन येई तो तेम्वाचा. शहरातल्या सर्वेक्षणाच्या कचेरीतली ही पोरगी दर महिन्याला निराळ्या नंबरावरून फोन करून खाण्यापिण्याची चौकशी करायची.

"घरात माणसं किती, आई?"

"दोघं. मी आणि खुंबो."

"तिथं राहणारेच सांगायचे."

"मग दोघंच."

पुढे कचेरीतल्या शहाण्यांना उमगलं, की लोक अनोळखी नंबराला भितात. नंबर एकच ठेवू, आधी निरोप धाडू, मग बोलतील. न्याम्हांगोला आलेला निरोप न्याचिरवाने वाचून दाखवला आणि हौसेनं त्या नंबराला नावही देऊन टाकलं, 'सर्वे'. युक्ती लागू पडली. गाव भडाभडा बोलू लागलं. न्याचिरवा तर न विचारलेलंही सांगायची. न्याम्हांगोचा फोन मात्र वाजून वाजून गप्प व्हायचा.

शेवटी तेम्वा स्वतःच गावात आली. म्हातारीनं तिच्यापुढे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला न्सिमा आणि मासळी ठेवली.

"रागावलात का, आई? सगळं गाव बोलतंय, अन् तुम्हीच फोन घेत नाही."

"राग कसला, पोरी? आधी फोन वाजला की तू 'हॅलो' म्हणेपर्यंत पलीकडं माझा खुंबोच असायचा. तेवढ्यावर महिना निघायचा माझा. आता आकड्यांच्या जागी नाव दिसतं, घ्यायच्या आधीच कळतं, तो नाही म्हणून."

तेम्वाने हातातला घास परत ताटात ठेवला. लोकांनी बोलावं म्हणून केलेल्या सोयीनं आपण या बाईचं काय हिरावून घेतलं, ते तिला आत्ता कळलं, आणि फार वाईट वाटलं.

"मला निरोप धाडू नकोस," न्याम्हांगो फोन पुढे करत म्हणाली, "आणि एवढं नाव पुसून टाक."

तेम्वाने पुसलं.

पुढच्या महिन्यात म्हातारी मासळी उलटत होती, तेव्हा फोन वाजला. नंबर अनोळखी. तिनं बरबटल्या हातानंच तो कानाला लावला.

"खुंबो?"

पलीकडून लगेच कोणी बोललं नाही. पोरगी मुद्दाम थांबली आहे, हे म्हातारीलाही समजत होतं. तरी ती डोळे मिटून तशीच उभी राहिली.

"आई, मी तेम्वा."

"हं. विचार."

"घरात माणसं किती?"

"दोघं."

या वेळी तेम्वाने तिला दुरुस्त केलं नाही.