माझ्या हातात न चालणारी सुरी

आधीच सांगून ठेवतो, या सदरातले अनुभव मी हसायला वाचतो. पांढऱ्या साडीतली बाई हायवेवर लिफ्ट मागते म्हणे... इतक्या वर्षांत एकदाही तिला एसटी मिळाली नाही? पनवेलला माझं टाइल्सचं दुकान आहे. दिवसभर गिऱ्हाइकांच्या थापा ऐकतो, स्वतःही मारतो. त्यामुळे थाप लांबूनच ओळखता येते, असा माझा समज होता.

माझे आजोबा जहाजावर बटलर होते. त्यांनी मटण कापायचा एक विलायती सेट आणला होता – लांब सुरी, दोन दातांचा काटा आणि धार लावायची सळई, तिन्हींना शिंगाच्या मुठी. बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी रान, म्हणजे बकऱ्याची अख्खी तंगडी, मसाला लावून गल्लीतल्या बेकरीच्या भट्टीत भाजायला द्यायची. ती घरी आली की पहिला काप त्या सुरीने घरच्या जावयाने काढायचा. ही आजोबांची रीत. आमचे जावई म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे, आपाचे मिस्टर. उरणला राहतात. दुल्हेभाई इतके शांत की मी त्यांना बावळटच समजायचो.

तो सेट हरवला. खरं म्हणजे मीच हरवला. मित्रांपुढे मिरवायला फार्महाउसवर घेऊन गेलो आणि तिथेच विसरून आलो. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहतो तर गायब. अम्मीने विचारलं तेव्हा मी एवढंच म्हणालो, "शेवटी तर दुल्हेभाईंच्याच हातात होता." चोर नाही म्हणालो हं... ते काम नातेवाइकांनी केलं. त्या दिवसापासून आपा माहेरी आली नाही. आठ वर्षं.

तीन वर्षांपूर्वी अम्मी मोठ्या आजारातून उठली आणि म्हणाली, "मला तुम्हा दोघांना एका दस्तरखानावर जेवताना बघायचंय. तू बोलव." माफी मागणं आपल्या रक्तात नाही. मी अक्कल लढवली – तसाच जुना सेट विकत आणायचा आणि माळ्यावर सापडला म्हणून सांगायचं. दुल्हेभाई सुटले, मीही सुटलो.

उरण रोडला तोडलेल्या जहाजांचं सामान विकणारं एक दुकान आहे. पहिला सेट प्लास्टिकच्या मुठीचा, त्याला मालक हस्तिदंत म्हणत होता. दुसरा मखमली डब्यातला, लग्नातल्या आहेरासारखा चकचकीत. असली भिकार नक्कल अम्मीला डोळे झाकूनही कळली असती. तिसरा मात्र हुबेहूब आमचा.

"शेट, जपून. बोट कापंल," मालक म्हणाला. "यो जुना माल हाय, आताच्यासारका नाय."

मी सुरी पेपरवर चालवली. पेपर सर्रकन फाटला. मी, माझ्या याच हाताने. हे लक्षात ठेवा.

अम्मीचं नाव घेऊन मी फोन केला, म्हणून ईदच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आपा आणि दुल्हेभाई आले. आपा माझ्याशी बोलली नाही, अम्मीला बिलगून बसली. रान भट्टीतून आलं होतं, चमच्याने हाडापासून सुटेल इतकं मऊ. मी सेट काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "माळ्यावर सापडला! उगाच लोकांनी गैरसमज केले." लोकांनी, म्हणे. आणि उत्साहाच्या भरात रीत विसरून स्वतःच काप घालायला गेलो.

सुरी आत जाईना.

मी जोर लावला. मांसावर ओरखडासुद्धा नाही... पातं वरून नुसतं घसरत होतं. माझी बायको हसली, म्हणाली, "उलटी धरलीय का?" तिने माझ्या हातून घेतली आणि सहज काप काढला. मी परत घेतली. नाही. आजारातून उठलेल्या अम्मीनेही काप काढला. मी परत घेतली. नाही! आता कोणी हसत नव्हतं.

"मुनीर, ठेव," दुल्हेभाई म्हणाले. त्यांनी सुरी उचलली, मूठ अंगठ्याने चाचपली आणि माझ्याकडे वाकून, मला एकट्यालाच ऐकू येईल असं बोलले, "ही आपली नाही. असू दे." मग एक सुंदर काप काढून तो माझ्या ताटात ठेवला.

त्या माणसाला माझी थाप तेव्हाच उघडी पाडता आली असती. त्याने झाकली. मला स्वतःची इतकी किळस आली की मी सगळं सांगून टाकलं – फार्महाउस, दुकान, सगळं.

"आठ वर्षं, मुनीर?" आपा म्हणाली. "हे आठ वर्षं मान खाली घालून फिरले, आणि तुला ठाऊक होतं?" ती न जेवता उठली आणि बाहेर थांबवलेल्या रिक्षात जाऊन बसली.

आता तुमच्यातले विद्वान लिहितील, खोटेपणाची शिक्षा, मनाचा खेळ वगैरे. गप्प बसा. खरं बोलून तीन वर्षं झाली. तरी ती सुरी माझ्या हातात पावसुद्धा कापत नाही. धारवाल्याला दाखवली, तो म्हणाला एकदम कडक आहे. बायको त्याच सुरीने कलिंगड कापते. मी केळ्यावर चालवली... केळं चेपलं, कापलं नाही. भुताबितांवर माझा आजही विश्वास नाही. पण याला काय म्हणायचं, ते मला सांगता येत नाही.

दुल्हेभाई दर ईदला येतात, एकटेच. रान कापतात, अम्मीशी गप्पा मारतात, आणि निघताना मी आपाचा वाटा डब्यात भरून देतो. आमच्यात शेजाऱ्याचं भांडंसुद्धा रिकामं परत पाठवत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. चार-आठ दिवसांनी आपा कुणाच्या तरी हाती डबा पाठवते. स्वच्छ घासलेला असतो. मी दरवेळी झाकण उघडून बघतो. रिकामा असतो.