कडू धागा

इस्पितळाच्या धुलाईखान्यात इस्त्री करणाऱ्या मावशींना भले भले वचकून असत. चादरीवर सुरकुती आणि बोलण्यात भीड, दोन्ही त्यांनी कधी ठेवल्या नाहीत. पण गेले आठ दिवस त्या गप्प होत्या. वरच्या मजल्यावर त्यांचा थोरला भाऊ ऑपरेशन होऊन पडला होता आणि अन्नाला शिवत नव्हता. मऊ भात आला की दादाचं तोंड भिंतीकडे. डॉक्टरांनी शेवटी सांगून टाकलं, उद्या दुपारपर्यंत पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी. मावशी दादाला ओळखून होत्या. नळी घातली की हा हट्टी माणूस हाय खाईल आणि परत उठायचा नाही, या भीतीने त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

दोघं भावंडं डोंगरातल्या जमातीतली. तिकडे तळ्यातले पाणकिडे आवडीने खातात. पंख-पाय खुडायचे, डोकं चिमटीत धरून ओढायचं, की पोटातला काळा धागा अख्खा बाहेर येतो. तो आत राहिला तर किडा कडूजहर. लहानपणी मावशींनी एकदा पाहुण्यांना धाग्यासकट किडे वाढले, आणि दादाने त्यावरून त्यांना पन्नास वर्षं पिडलं. एका मयतीतसुद्धा त्याने तो विषय काढला होता.

त्या दुपारी मावशी इस्पितळाच्या बागेतल्या हौदात गुडघाभर उतरल्या. जाळं म्हणून हातात उशीचा अभ्रा, अर्थात कडक इस्त्रीचा. माळ्याने हटकलं तेव्हा त्यांनी त्यालाच झापलं, की हौदात ही किड्यांची वस्ती झाली, तू करतोस काय? माळी ओशाळला आणि बादली आणून देऊन वर आभार मानून गेला.

किडे रात्रभर स्वच्छ पाण्यात राहिले. सकाळी मावशींनी एकोणीस धागे सरसर ओढले. विसावा किडा हातात धरून त्या जरा वेळ बसून राहिल्या. मग त्यांनी तो तसाच, धाग्यासकट, मीठ-तिखट लावून बाकीच्यांबरोबर तव्यावर टाकला आणि डब्यात सगळ्यांच्या वर ठेवला.

डबा उघडताच सिस्टर दोन पावलं मागे सरकली. दादाने मात्र वासाबरोबर मान वळवली. वरचा किडा उचलून तोंडात टाकला, चावला, आणि त्याचा चेहरा कडवट होत गेला.

आठ दिवसांत तो पहिल्यांदा बोलला. "म्हातारी झालीस, पण एक धागा काढता येत नाही तुला."

मावशींनी मान खाली घातली. दादाला चेव आला. बाकीचे तरी नीट केलेत का, हे तपासायला त्याने दुसरा खाल्ला, तिसरा खाल्ला. खोट सापडेना तसा तो आणखी चिडून खाऊ लागला. नळी घेऊन आलेल्या डॉक्टरांना त्याने हातानेच थांबवलं, कारण तोंड भरलेलं होतं. डॉक्टर डब्यात डोकावले आणि मुकाट्याने नळी घेऊन परतले. मावशी पदराआड हसत होत्या आणि रडतही होत्या.

डबा रिकामा झाला. दादाने बोटं चाटली आणि बहिणीकडे बराच वेळ पाहिलं.

"विसात एकच कडू, आणि तोही नेमका सगळ्यांच्या वर," तो हळूच म्हणाला. "उद्या दोन ठेव. एकात भांडण लवकर संपतं."