लाल दिव्यावर थांबायचं

माझी बायको उजव्या हाताशिवाय भांडूच शकत नसे. गेल्या वर्षी तिला पॅरालिसिसचा झटका आला. पाय सुधारला, जीभ तर पहिल्यापेक्षा सुधारली, पण उजवा अंगठा बोटाला टेकेना. चिमटीच होईना. मग आमटीत मीठ मी घालू लागलो. घरात आमटीविषयी बोलणं बंद झालं.

व्यायाम शिकवायला येणारी फिजिओ मुलगी तिला ताटलीतला राजमा एकेक करून उचलायला सांगायची. "अहो, मी काय बालवाडीत आहे?" असं मला विचारून बायकोनं तो राजमा डाव्या हातानं गोळा केला आणि कुकरला लावला. पदराला पिन लावता येत नाही म्हणून साडी सोडली, गाऊनवर आली. मला भीती एकच होती, ही आता हातही असाच सोडून देईल.

मी जन्मभर अंबरनाथच्या एका कारखान्यात मेंटेनन्स केलं. माणसाचा हात दुरुस्त करता येत नाही, पण मशीन बनवता येतं. म्हटलं, एक खेळ करू. गोलात दहा एलईडी, नऊ हिरवे, एक लाल. उजेड एकावरून दुसऱ्यावर पळत राहणार, बटण दाबलं की थांबणार. लालवर थांबला तर आपण जिंकलो. बटण दाबणं म्हणजे चिमटी नव्हे, हे मलाही कळतं. पण काहीच नसण्यापेक्षा बरं.

सामान आणायला उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये गेलो. दोन टायमर आयसी मागितले, एक उजेड पळवायला, एक जिंकल्यावर पीं वाजवायला. सिंधी दुकानदारानं विचारलं, "साईं, पोते के लिए?" मी म्हटलं, "घरवाली के लिए." त्यानं दोन एलईडी जास्तीचे टाकले.

श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात सगळं बसवलं. वेग कमीजास्त करायला बाजूला एक नॉब होता. आता कारखान्यातला नियम असा, की ऑपरेटरनं सेटिंगला हात लावायचा नाही. लावला की पुढची पाळी बोंबलते. म्हणून आम्ही वेग लावून झाला की नॉबची टोपी काढून खिशात घालायचो, नुसता बारीक दांडा उरायचा. घरीही मी तेच केलं. वेग इतका सावकाश ठेवला की आमच्या सोसायटीचा वॉचमनही झोपेत जिंकला असता. टोपी दाढीच्या डब्यात टाकली आणि बायकोला नियम सांगितला, "डावा हात पाठीमागे."

आधी तिनं नाक मुरडलं. मग दुपारभर पीं पीं सुरू झालं. मी पेपर वाचत मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो.

एका संध्याकाळी ती आंघोळीला गेली तेव्हा मी डबा जवळ ओढला. हरलो. परत हरलो. उजेड नुसता सुसाट सुटला होता. वेग ठरवणारा कपॅसिटर डुप्लिकेट निघाला असणार, म्हणून मी त्या दुकानदाराचा यथासांग उद्धार केला. डबा उघडला, मीटर लावला. सगळं ठणठणीत.

"काय हो, जमत नाहीये?" ती केस पुसत दारात उभी होती.

"कपॅसिटर गेलाय."

"काही गेला नाही. मीच रोज थोडं थोडं वाढवलं. तुमच्या स्पीडला मला झोप यायची."

"कसं वाढवलंस? टोपी माझ्याकडे आहे."

"टोपी कशाला लागते?"

"मग डाव्या हातानं फिरवलं असशील."

"डावा पाठीमागे. नियम तुमचाच ना?" ती माझ्याशेजारी बसली. "थांबा, तुमच्यासाठी हळू करून देते."

तिनं उजवा हात पुढे केला. अंगठा आणि बोट त्या दांड्याला लागले, निसटले, परत लागले. या वेळी धरून राहिले. दांडा फिरला. मला एकदम रडू आलं, आणि ते लपवायला तिथे पेपरसुद्धा नव्हता.

"खेळा आता," ती म्हणाली.

मला समोरचे दिवे धड दिसत नव्हते. वॉचमनच्या स्पीडलाही मी हरलो.